घटक ५ : चित्राजवळचे शब्द – चिकटवहीतील नोंदलेखन

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• छायाचित्र आणि त्याजवळची नोंद यांतील संबंध स्पष्ट करणे.
• 'आज', 'येथे', 'आम्ही' यांसारखे शब्द नोंदीत का अडचण निर्माण करतात, हे सांगणे.
• नावे, नाती आणि काळ यांची नेमकी नोंद करणे.
• चिकटवहीच्या पानासाठी स्वतःच्या शब्दांत नोंद लिहिणे.

५.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण पत्रलेखन, वृत्तलेखन आणि रोजनिशी या व्यावहारिक लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. प्रस्तुत घटकात त्यांच्याइतकाच रूढ, परंतु अभ्यासक्रमांत क्वचित स्थान मिळालेला एक प्रकार आपण अभ्यासणार आहोत. तो म्हणजे चिकटवहीतील किंवा छायाचित्रसंग्रहातील नोंद.

बहुतेक घरांत असा एखादा संग्रह असतो. काळ्या जाड कागदांचा, मध्ये पातळ बटर पेपर असलेला आणि कागदी कोपऱ्यांत छायाचित्रे खोवलेला जुना अल्बम असेल. नाहीतर पत्र्याच्या पेटीत, पिशवीत सुटी ठेवलेली छायाचित्रे असतील. ज्या घरांत छायाचित्रे काढण्याची ऐपत नव्हती, तेथेही लग्नपत्रिका, मनीऑर्डरची पावती, परीक्षेचे प्रवेशपत्र, एस.टी.चे तिकीट, जुने रेशनकार्ड असे काही ना काही जपलेले असते. हे सारे वहीत चिकटवणे सोपे असते. अडचण येते ती शेजारी काय लिहावे, या प्रश्नाशी. पान तयार होते आणि पेन थांबते.

हा प्रश्न केवळ सजावटीचा नाही. छायाचित्रातील माणसांना ओळखणारी व्यक्ती घरात आहे, तोवर नोंदीची उणीव जाणवत नाही. ती व्यक्ती गेली की चित्र उरते आणि त्यातील माणसे अनोळखी होतात. म्हणून हे लेखन वेळेत करावे लागते.

५.२ विषय विवेचन

५.२.१ चिकटवहीची परंपरा

निवडक मजकूर एकत्र करून जपण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अभंग, पदे, ओव्या, आरत्या उतरवून घेतलेली हस्तलिखित 'बाडे' अनेक मठांत आणि घरांत होती. बाड लिहिणारा स्वतः रचना करीलच असे नाही. परंतु काय उतरवून घ्यायचे, कोणते कोणाशेजारी ठेवायचे, ही निवड त्याची असे. वृत्तपत्रे घरोघर येऊ लागल्यावर कात्रणवही आली आणि शाळांतून 'चिकटवही' हा शब्द रूढ झाला.

पाश्चात्त्य देशांत एकोणिसाव्या शतकात चिकटवह्यांचा छंद इतका पसरला होता, की अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांनी पानांवर आधीच डिंक लावलेल्या वहीचे पेटंट १८७३ मध्ये घेतले. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. तरीही सामान्य मराठी घरांत छायाचित्र पोहोचण्यास फार काळ लागला. त्यामुळे पुष्कळ घरांत आजी-आजोबांचे एकच छायाचित्र आढळते. अशा एकुलत्या चित्राजवळची नोंद अधिक मोलाची ठरते.

५.२.२ चित्र काय सांगते आणि शब्द काय सांगतात

पुढील विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. एक कृष्णधवल छायाचित्र आहे. अंगणात एक गृहस्थ खुर्चीवर बसले आहेत. मागे दोन स्त्रिया उभ्या आहेत. पुढे एक लहान मुलगी पाटी छातीशी धरून उभी आहे. खाली लिहिले आहे : 'अण्णा, माई आणि आम्ही. आनंदाचा दिवस.'

या नोंदीतून काय कळते? चित्रात अंगण, खुर्ची, पाटी दिसतेच; ते शब्दांनी पुन्हा सांगण्याची गरज नाही. चित्र जे सांगू शकत नाही, ते म्हणजे नाव, नाते, स्थळ, काळ आणि चौकटीबाहेरची हकिकत. या पाचांपैकी येथे दोन घरगुती नावे तेवढी मिळतात आणि त्यांतील माई कोणती, हे दोन स्त्रियांपैकी ठरवता येत नाही.

फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात, जाहिरातीच्या चित्राचे विश्लेषण करताना, चित्राजवळच्या मजकुराची दोन कार्ये सांगितली आहेत. पहिले कार्य अर्थ स्थिर करण्याचे. एकाच चित्राचे अनेक अर्थ संभवतात. वाहत्या गलबताला नांगराने थोपवावे, तसे शब्द त्यांतील एका अर्थाशी वाचकाला थांबवतात. दुसरे कार्य अर्थ पुढे नेण्याचे. चित्रात नसलेली गोष्ट शब्द सांगतात आणि दोन्ही मिळून एक कथन पूर्ण होते; चित्रकथेत आणि चित्रपटात असे घडते. चिकटवहीच्या नोंदीला दोन्ही कार्ये करावी लागतात. 'उजवीकडे उभी ती आत्या' हे पहिले कार्य. 'पाटी तिनेच आणून दिली होती' हे दुसरे.

५.२.३ 'मी', 'येथे', 'आता' : दर्शक शब्दांची अडचण

काही शब्दांचा अर्थ ते कोण, कोठे आणि केव्हा उच्चारतो यावर अवलंबून असतो. त्यांना दर्शक शब्द म्हणतात. जर्मन भाषाशास्त्रज्ञ कार्ल ब्यूलर यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात 'मी–येथे–आता' हे अशा शब्दांचे मूळ केंद्र मानले आहे. बोलताना हे केंद्र समोर असते, म्हणून घोटाळा होत नाही. लेखनात ते हरवते.

'आज बाळाचे बारसे' ही नोंद लिहिणाऱ्याला स्पष्ट असते. चाळीस वर्षांनी 'आज' म्हणजे कोणता दिवस आणि 'बाळ' म्हणजे कोणते, हे कोणी सांगावे? 'बाळ' हा तर घरात दर काही वर्षांनी नव्या व्यक्तीला लागू होणारा शब्द आहे. यासाठी नोंदीत 'आज'च्या जागी तारीख आणि 'येथे'च्या जागी गाव लिहावे. 'मी' वापरण्यास हरकत नाही. परंतु मग खाली लिहिणाऱ्याचे नाव हवे.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा एक सूक्ष्म भेद आहे. 'आम्ही' मध्ये ऐकणारा सामावत नाही. 'आपण' मध्ये सामावू शकतो. 'आम्ही पंढरपूरला' आणि 'आपण पंढरपूरला' या दोन नोंदी चित्र तेच असूनही निरनिराळ्या वाचकांसाठी आहेत. पहिली परक्याला किंवा पुढच्या पिढीला सांगते. दुसरी सोबत असलेल्यांना आठवण करून देते. वही कोणासाठी आहे, हे आधी ठरवावे, म्हणजे ही निवड आपोआप होते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) बार्थ यांच्या मते चित्राजवळच्या मजकुराची दोन कार्ये कोणती?
(आ) 'काल मामा येथे आले होते' या नोंदीतील दर्शक शब्द ओळखा.

५.२.४ नावे आणि नाती

मराठीतील नातेवाचक शब्द समृद्ध आहेत. वडिलांची बहीण आत्या, आईची बहीण मावशी. काकाची पत्नी काकू, मामाची पत्नी मामी. परंतु प्रत्येक नाते कोणाच्या तरी संदर्भात असते. एकीची आत्या ही दुसरीची नणंद आणि तिसरीची लेक असते. म्हणून नोंदीत एक व्यक्ती केंद्रस्थानी धरावी आणि सर्व नाती तिच्यापासून मोजावीत. 'आत्या' एवढेच न लिहिता 'अण्णांची धाकटी बहीण' असे लिहिले, की नोंद कोणत्याही पिढीतील वाचकाला कळते.

अण्णा, नाना, माई, जिजी, अक्का ही घरगुती नावे नोंदीत अवश्य असावीत, कारण हाक त्याच नावाने मारली जात होती. त्यांच्या जोडीला पूर्ण नाव हवे. येथे एक अडचण लक्षात घ्यावी. जुन्या पिढीतील अनेक स्त्रिया पतीचे नाव उच्चारीत नसत. उखाण्यात तेवढी ती मुभा असे. अशा आजींना थेट नाव विचारण्यापेक्षा सातबारा, शाळेचा दाखला, लग्नपत्रिका यांतून ते मिळवावे.

स्त्रियांच्या नावांबाबत अधिक दक्षता घ्यावी लागते. विवाहात मुलीचे पहिले नावही बदलण्याची आणि नवे नाव तांदळांत अंगठीने लिहिण्याची प्रथा महाराष्ट्रात अनेक समाजांत होती. त्यामुळे माहेरच्या चित्रातील 'द्वारका' आणि सासरच्या चित्रातील 'सुमती' या दोन स्त्रिया वाटू शकतात. दोन्ही नावे एकत्र लिहिली गेली नाहीत, तर आयुष्याचा पहिला भाग दुसऱ्यापासून तुटतो. पुष्कळ जुन्या नोंदींत तर स्त्रीचे नाव येतच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्यांचे कुटुंब' एवढाच उल्लेख असतो. आज विचारले तर यांतील काही नावे अद्याप मिळू शकतात.

'सौ.', 'गं. भा.', 'श्रीमती', 'कै.' या उपाध्या काळानुसार बदलतात. छायाचित्र काढले तेव्हाची स्थिती आणि नोंद लिहिली तेव्हाची स्थिती यांत अंतर असते. हसऱ्या तरुणाच्या चित्राखाली 'कै.' लिहिल्याने चित्राचा काळ पुसला जातो. उपाधी टाळून नाव, आणि माहीत असल्यास जन्म-मृत्यूची वर्षे देणे अधिक योग्य.

५.२.५ काळाची नोंद

तारीख ठाऊक नसेल तेव्हा ती अंदाजाने ठोकून देऊ नये. 'सुमारे' हा शब्द अशा वेळी प्रामाणिक असतो. काळ शोधण्याची काही साधने पुढीलप्रमाणे :

(१) तिथी आणि शक : जुन्या लग्नपत्रिकांत शालिवाहन शक आढळतो. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथीसाठी शकात ७८, तर जानेवारीपासून पुढील गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीसाठी ७९ मिळवले, की इसवी सन मिळतो. वैशाख, शके १८९० म्हणजे इ.स. १९६८.

(२) सामूहिक स्मृतीतील घटना : वृद्ध व्यक्तींना सन आठवत नाही, घटना आठवते. १ मे १९६० ची महाराष्ट्र राज्याची स्थापना, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, १९७२ चा दुष्काळ, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप – यांच्या आधीचे की नंतरचे, असे विचारले की उत्तर मिळते.

(३) चित्रातील पुरावा : मुलांची वये, घराचे छत, भिंतीवरील दिनदर्शिका, छायाचित्राच्या मागील स्टुडिओचा शिक्का.

५.२.६ नोंदीची वाक्यरचना

नोंद पूर्ण वाक्याची असावी, असा नियम नाही. 'विहिरीवर, आषाढात' ही क्रियापदरहित रचनाही पुरेशी असते. मराठी नोंदींत सर्वाधिक आढळणारे रूप म्हणजे '-ताना' हा प्रत्यय लागलेले : 'पापड लाटताना', 'झोका घेताना'. हे रूप लिंग, वचन, पुरुष यांनुसार बदलत नाही आणि त्यातून भूत किंवा वर्तमान असा काळही सूचित होत नाही. चालू असलेली कृती ते तशीच दाखवते, म्हणून स्थिर चित्राशी ते चांगले जुळते. मात्र प्रत्येक पानावर तेच आले, की वही यांत्रिक होते.

'-लेला' या रूपाने कृतीचा परिणाम सांगता येतो : 'मावशीने शिवलेली गोधडी'. चित्रात गोधडी दिसते, शिवणारी दिसत नाही. हे रूप तिला पानावर आणते. आणि हकिकत सांगायची असेल तेव्हा साधा भूतकाळ वापरावा : 'त्या वर्षी विहीर आटली.' वर्णनाला '-ताना', श्रेयाला '-लेला' आणि हकिकतीला भूतकाळ, अशी ढोबळ विभागणी लक्षात ठेवता येईल.

५.२.७ शब्द कोठून आणावेत?

'काय लिहावे सुचत नाही' असे म्हणणारे बहुधा मोठे शब्द शोधत असतात. 'अविस्मरणीय क्षण', 'सोनेरी आठवणी', 'सुखाचा ठेवा' हे शब्द बाजारातील तयार चिकटपट्ट्यांवरही मिळतात. त्यांची एक सोपी परीक्षा आहे. नोंद उचलून दुसऱ्या पानावर ठेवून पाहावी. तेथेही ती तितकीच शोभत असेल, तर ती या पानाची नाही.

या पानाचे शब्द चित्रातील वस्तूंपासून मिळू लागतात. ओसरी, पडवी, माजघर, परसू; इरकल, नऊवारी; ठुशी, बोरमाळ, बुगडी; खाचर, दमणी – वस्तू वापरातून गेली की तिचे नावही बोलण्यातून जाते. 'आजीने दागिने घातले आहेत' याऐवजी 'आजीच्या गळ्यात बोरमाळ' असे लिहिले, तर एका घराबरोबर भाषेचीही नोंद होते.

दुसरा स्रोत म्हणजे माणसांचे बोलणे. माहिती विचारताना 'तुम्हांला काय आठवते?' हा प्रश्न फार मोठा असतो. त्याचे उत्तर बहुधा 'काही नाही गं' असे येते. त्याऐवजी 'ही पाटी कोणाची?', 'छायाचित्र काढायला कोण आले होते?', 'मागे कोण दिसत नाही?' असे लहान प्रश्न विचारावेत. मिळालेले उत्तर शक्यतो बोलणाऱ्याच्या शब्दांत उतरवावे. मालवणीतील 'आवस', 'बापूस', वऱ्हाडीतील 'माय' यांना प्रमाण मराठीचा पोशाख चढवण्याची आवश्यकता नाही. अवतरणचिन्हांत ते शब्द ठेवून, आवश्यक तेथे कंसात अर्थ द्यावा. प्रमाण भाषेत आपण नोंद लिहितो. माणूस मात्र त्याच्या बोलीत बोलू द्यावा.

५.२.८ अवघड पाने

प्रत्येक कुटुंबात काही चित्रे अशी असतात, की त्यांच्याजवळ लिहिणे जड जाते : अकाली गेलेले मूल, दुरावलेला भाऊ, मोडलेला विवाह. कधी चित्राचा एक भाग कात्रीने कापलेला असतो. अशा पानावर गोड शब्दांचे पांघरूण घालू नये आणि न्यायनिवाडाही करू नये. नाव, नाते आणि वर्ष एवढी नोंदही पुरेशी असते. गेलेल्या बाळाच्या चित्राखाली त्याचे नाव आणि 'अकरा महिने' एवढे दोन शब्द असले, तरी ते बाळ कुटुंबात होते हे राहते. हयात व्यक्तीच्या खाजगी दुःखाबद्दल लिहिण्यापूर्वी तिची संमती घ्यावी. ती नको म्हणाली, तर जागा कोरी ठेवावी.

५.२.९ नोंदीची पुनर्रचना

आता आपल्या उदाहरणाकडे वळू. वरील प्रश्न विचारून माहिती मिळाली, असे मानल्यास नोंद अशी होईल :

'खुर्चीवर अण्णा. मागे डावीकडे माई (अण्णांच्या पत्नी, माहेरच्या द्वारका, सासरच्या सुमती), उजवीकडे अण्णांची धाकटी बहीण. पुढे पाटी घेतलेली कुसुम, अण्णांची मुलगी, वय ६. नदीकाठच्या घराचे अंगण, पुणे, जून १९६१. कुसुमच्या शाळेचा पहिला दिवस. पुढच्याच महिन्यात पानशेतच्या पुरात हे घर गेले. ही प्रत गावी मामांकडे धाडली होती, म्हणून राहिली. कुसुम म्हणते, "पाटी माझी नव्हतीच, आत्याची होती. ती शाळेत दोनच वर्षं गेली." – सांगणार : कुसुम, लिहिणार : तिची मुलगी, मे २०२४.'

या नोंदीत 'आनंद' हा शब्द नाही आणि दुःखाचे वर्णनही नाही. तरीही आधीच्या नोंदीत मागे उभी असलेली, नाव नसलेली स्त्री आता या चित्रातील महत्त्वाची व्यक्ती झाली आहे. मात्र नोंद अद्याप अपुरी आहे. अण्णांचे पूर्ण नाव आणि आत्याचे नाव तीत नाही. ते कुसुमला पुन्हा विचारावे लागेल.

लेखनसाहित्याबाबत दोन सूचना. जुन्या कागदी छायाचित्राच्या मागे लिहायचे असल्यास मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. बॉलपेनचा दाब पुढील बाजूस उमटतो. गुळगुळीत, प्लॅस्टिकसारख्या नव्या कागदावर पेन्सिल उमटत नाही. तेथे नोंद वहीच्या पानावर करावी. चिकट पृष्ठभागावर प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या अल्बमांत छायाचित्रे कालांतराने पिवळी पडतात. कागदी कोपरे अधिक सुरक्षित.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) '-ताना' हे रूप छायाचित्राच्या नोंदीस सोयीचे का असते?
(आ) माघ, शके १८८९ या नोंदीचे इसवी सन काढा.

५.३ सारांश

चिकटवहीतील नोंद चित्रात दिसणाऱ्या गोष्टी पुन्हा सांगत नाही. नाव, नाते, स्थळ, काळ आणि हकिकत ती पुरवते. दर्शक शब्दांच्या जागी तारीख, गाव आणि नाव यावे. नाती एका व्यक्तीच्या केंद्रातून मोजावीत. स्त्रियांची माहेरची व सासरची दोन्ही नावे नोंदवावीत. कोठेही शोभणाऱ्या शब्दांपेक्षा वस्तूंची नेमकी नावे आणि माणसांचे प्रत्यक्ष बोल यांना प्राधान्य द्यावे. सांगणारा, लिहिणारा आणि लेखनाची तारीख यांवाचून नोंद पूर्ण होत नाही.

स्वयं-अध्ययनाच्या प्रश्नांची उत्तरे
प्रश्न १ : (अ) अर्थ स्थिर करणे आणि अर्थ पुढे नेणे. (आ) 'काल', 'येथे'. तसेच 'मामा' हा शब्दही बोलणाऱ्यावर अवलंबून आहे.
प्रश्न २ : (अ) ते लिंग, वचन, पुरुष यांनुसार बदलत नाही, काळ सूचित करीत नाही आणि चालू कृती दाखवते. (आ) माघ महिना जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास येतो, म्हणून १८८९ + ७९ = १९६८.

५.४ सरावासाठी स्वाध्याय

(१) दर्शक शब्दांमुळे नोंदलेखनात निर्माण होणाऱ्या अडचणी सोदाहरण स्पष्ट करा.
(२) 'चिकटवही हा भाषेचाही संग्रह असतो.' या विधानाची चर्चा करा.
(३) आपल्या बोलीतील, आता वापरातून जात असलेली घर, वस्त्र, अलंकार किंवा शेती यांविषयीची दहा नावे अर्थासह लिहा.

५.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या घरातील, नोंद नसलेले एक छायाचित्र किंवा जुना कागद निवडा. त्याविषयी माहिती असलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला पाच लहान प्रश्न विचारा. उत्तरे तिच्याच शब्दांत टिपून घ्या आणि सुमारे १०० शब्दांची नोंद तयार करा. अभ्यासकेंद्रावर जमा करण्यापूर्वी ती नोंद त्या व्यक्तीला वाचून दाखवा. ती करील त्या दुरुस्त्या मूळ मजकूर न खोडता समासात लिहा.